थांबणाऱ्या ड्रमरच्या गावाला

आमच्या बँडचं नाव 'उघडी वायर'. तुम्ही ऐकलं नसेल तर ओशाळू नका, आमच्या सोसायटीतही कुणी ऐकलेलं नाही. पण एके काळी पुण्यात, मुंबईत आणि एकदा चुकून बंगळुरात लोक आमच्यापुढे घाम गाळून नाचले आहेत. आमच्या संगीताच्या प्रकाराला डान्स-पंक म्हणतात. त्यात गिटार भांडते, ड्रम नाचवतो आणि गाणारा गात नाही, ओरडतो. गिटार आणि ओरडणं माझ्याकडे. आमच्या आईने पहिला कार्यक्रम ऐकून विचारलं होतं, "यात नाचायचं की भांडायचं?" मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, मग घरी काय वेगळं चालतं.

बँडमध्ये आम्ही तिघं. मी निरंजन, चिंचवडचा. बास गिटारवर प्रज्ञा आणि ड्रमवर गजानन. ही दोघं वर्धा जिल्ह्यातून पुण्याला शिकायला आलेली. आम्ही प्रसिद्ध होतो ते मात्र एका शांततेसाठी. गाणं ऐन रंगात आलं की मी हात वर करून एक ओळ ओरडायचो, आणि त्याच क्षणी ड्रम बंद पडायचा. ठार शांतता. नाचणाऱ्यांचे पाय हवेत. मग मी स्टेजवर पाय आपटला की ड्रम पुन्हा कोसळायचा आणि लोक वेडे व्हायचे. ही शांतता कुठून आली असं मुलाखतीत विचारलं की मी सांगायचो, "हा शहराच्या गोंगाटाला आम्ही दिलेला नकार आहे." याचा अर्थ मलाही माहीत नव्हता. वाक्य आंघोळ करताना सुचलं होतं आणि ते छापूनही आलं.

तर आता एका छोट्या कंपनीने आमची जुनी रेकॉर्ड पुन्हा काढायचं ठरवलं आहे. सोबत बँडच्या इतिहासाची पुस्तिका, आणि डिसेंबरात पुण्यात तिघांचा एक कार्यक्रम. इतिहास लिहायचं काम माझ्याकडे, कारण मी सध्या विमा कंपनीची माहितीपत्रकं लिहितो आणि खोटं सफाईने लिहिण्याचा मला अनुभव आहे. अडचण एकच होती. संमतीपत्रावर तिघांच्या सह्या हव्या होत्या आणि गजानन माझा फोन उचलत नव्हता.

उचलेल कसा? नऊ वर्षांपूर्वी मी त्याला बँडमधून काढलं होतं, तेही मेसेज करून. तो दर वर्षी पोळ्याला गावी जायचा. त्या वर्षी आमचा सगळ्यात मोठा कार्यक्रम नेमका पोळ्याच्या दिवशी आला. तो म्हणाला, पोळा चुकवता येत नाही. मी लिहिलं, 'ड्रम मशीन घेतली आहे. तू बैलं सांभाळ.' त्याचं उत्तर आलं नाही. मशीन छान वाजली, फक्त मी हात वर केला तरी ती थांबेना. शांततेशिवाय आम्ही नुसते तीन जणांचे दोन जण झालो, आणि चार महिन्यांत बँड संपला.

प्रज्ञाला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "फोनवर नाई भेटत तो. पोळ्याले ये. पोळ्याले तो घरीच सापडते."

समुद्रपूर

सेवाग्राम स्टेशनला उतरून, एक एसटी बदलून समुद्रपूरला पोचलो तोवर माझ्या शर्टाचं फडकं झालं होतं. पुण्यात श्रावण संपताना हवा गार असते. इथे पाऊस उघडला की ऊन ओल्या गोधडीसारखं अंगावर पडतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढी कपाशी आणि शेंगा धरलेलं सोयाबीन. सगळं इतकं हिरवं की मला गॉगल हिरव्या काचेचा आणल्याची शंका आली.

प्रज्ञा बसस्टँडवर उभी होती. आता ती इथेच शेतीखात्यात अधिकारी आहे. केस आखूड, हातात फाईल, आणि चेहऱ्यावर तोच भाव, जो बास वाजवताना असायचा: समोर काही विशेष घडत नाही.

"तू तं बुढा झाला बे," ती म्हणाली. "अन् एवढी मोठी बॅग? राहाले आला का?"

स्टँडसमोरच्या टपरीवर तिने आलूबोंडा आणि रस्सा मागवला. टपरीवाल्याने विचारलं, "भाऊ, वरून तर्री मारू का?" तर्री म्हणजे रश्श्यावरचा लाल तेलाचा थर. मी पुणेरी ऐटीत म्हटलं, मारा की, आम्हाला तिखट चालतं. पहिल्या घासाला कान गेले, दुसऱ्याला नाक. तिसऱ्याला मी बाजूच्या अनोळखी माणसाचं पाणी पिऊन टाकलं. त्या माणसाने काही न बोलता आपला दुसरा ग्लासही माझ्याकडे सरकवला. इकडे पाहुणा जळताना दिसला की लोक चौकशा करत नाहीत, थेट पाणी देतात. पुण्यात आधी 'कुठून आलात' विचारलं असतं.

"संध्याकाळी कुठे बसू या?" मी जरा सावरल्यावर विचारलं. जुन्या बँडच्या आठवणी काढायच्या म्हणजे समोर थंड बिअर हवी, असं चित्र मी घरूनच रंगवून आणलं होतं.

"वर्धा जिल्हा हाय हा. दारूबंदी," प्रज्ञा म्हणाली. "ताक पे."

अशा रीतीने एका पंक बँडच्या इतिहासाचं संशोधन ताकावर सुरू झालं. सोबत तिने वर्ध्याचा गोरसपाक काढला. हे बिस्किट दातांनी फोडायचं की चहात बुडवायचं, यावर टपरीवरच्या चौघांनी मला पाच सल्ले दिले.

गजाननचं गाव अल्लीपूर. प्रज्ञाच्या जुन्या गाडीतून हिंगणघाटमार्गे निघालो. वाटेत मी तिला पुस्तिकेचं कच्चं लिखाण वाचून दाखवलं. तिने ते शांतपणे ऐकलं आणि मग माझ्या लिखाणात नसलेली एक गोष्ट सांगितली.

"माह्या आजोबाले पोळ्यात डफडं वाजवा लागे. दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या बैलापुढं. छप्पन साली बौद्ध झाले अन् त्याईनं डफडं विहिरीत टाकून देल्लं. पुन्हा हात नाई लावला. मी पुण्याहून बास घेऊन आली तं आज्यानं एकच विचारलं, 'हे कोणाच्या दारात वाजवा लागते?' मी म्हटलं, नाई आजोबा, लोक तिकीट काढून आयकाले येतात. तं म्हणे, 'मंग जोरात वाजवजो.'"

मी सगळी वर्षं तिला 'बास कमी कर' म्हणून हातवारे करत आलो होतो. ती कधीच कमी करायची नाही. मला वाटायचं, तिला कमी ऐकू येतं.

अल्लीपूर, पोळ्याचा आदला दिवस

गजानन घरी नव्हता. त्याची बायको वैशाली म्हणाली, "शेतात हायत. बैलं धून आणाले गेले नाल्यावर. असेच बांधाबांधानं जा." प्रज्ञा अंगणातल्या बाजेवर बसली. "तूच जा," ती म्हणाली. "मेसेज तूच पाठवला होता."

मी पांढरे बूट घालून गेलो होतो. पुण्याच्या मॉलमध्ये घेतलेले, खास. बांध संपला तिथे काळी माती सुरू झाली. पहिल्या पावलाला बूट रुतला, दुसऱ्याला पाय बाहेर आला, बूट आला नाही. वाकून ओढायला गेलो तर मातीने तो आणखी खाली घेतला. मी एका पायावर उभा राहून दोन्ही हातांनी शेत उपसत होतो, तेवढ्यात समोर चार शिंगं आणि माणसाचे दोन पाय दिसले.

नऊ वर्षांनी गजाननचं मला उद्देशून पहिलं वाक्य असं:

"राहू दे तिथंच. उगवते का पाहू."

तो जाड झाला नव्हता, टकला झाला नव्हता, याचा मला राग आला. खांदे तेवढे आणखी रुंद झाले होते. मी चिखलाचे हात शर्टाला पुसत पाठ केलेलं भाषण सुरू केलं, "गज्या, मी खरं म्हणजे..." तो बैलांना घेऊन पुढे निघूनही गेला होता. मी एका पायात चिखल आणि एका पायात मॉल असा मागे चालू लागलो.

"बैल छान आहेत," मी म्हटलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"हा डाव्या अंगाचा निऱ्या," गजानन मागे न पाहता म्हणाला. "वरडते लय, ओढत नाई."

निऱ्या म्हणजे मी; बँडमध्ये तो मला याच नावाने हाक मारायचा.

"अन् हा मशीन. चालाले एक नंबर. थांब म्हटलं तं थांबत नाई."

नऊ वर्षं या माणसाने मला उत्तर दिलं नाही असं मी समजत होतो. तो रोज सकाळी दोन्ही बैलांना हाक मारून देत होता.

संध्याकाळी अंगणात बैलांची खांदमळण झाली. हा रिवाज मी पहिल्यांदाच पाहिला. वर्षभर ज्या खांद्यांनी ओढलं त्या खांद्यांना पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद आणि लोणी लावून पळसाच्या पानाने चोळायचं, आणि मग बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं तोंडी निमंत्रण द्यायचं. आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण हल्ली फोनवर चित्र पाठवून उरकतात. इथे बैलालाही समक्ष बोलावणं असतं. गजाननने डाव्या बैलाचा खांदा बराच वेळ मळला. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "निऱ्या, आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मी उगाच मान हलवली. वैशालीवहिनी तोंडाला पदर लावून घरात पळाल्या. प्रज्ञाने मात्र पदर नसल्यामुळे उघड हसून घेतलं.

मला मात्र आवतन नव्हतं. जेवायला वाढलं, पोटभर वाढलं, ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ताक. पण 'उद्या थांब' असं गजानन म्हणाला नाही. मी संमतीपत्र आणि पुस्तिकेचं लिखाण पुढे केलं. त्याने सही न करता लिखाण उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला घेतलं. वाचता वाचता तो त्या ओळीवर आला: 'बँडची ओळख ठरलेली शांतता ही निरंजनची संकल्पना. हात उंचावताच सारं थांबे.'

गजाननचे वडील दौलतकाका भिंतीला टेकून ऐकत होते. पंचाहत्तरीचा, काटकुळा, बोलायच्या आधी घसा साफ करणारा माणूस. त्यांनी घसा साफ केला.

"म्हंजे हातबी तूच वर केला, अन् थांबलाबी तूच?"

मग काकांनी, मला शिकवायच्या नव्हे तर आपली गंमत सांगायच्या सुरात, बँडचा खरा इतिहास सांगितला.

"पहिले गावात वाजवणारे होते, त्याईनं सोडलं. बरोबरच केलं. मंग लय वर्षं आमचा पोळा मुकाच. मले वाटलं, बैल आपले, हौस आपली, तं वाजवाले दुसऱ्याचे हात काऊन पाह्यजे? मी घेतलं डफडं. येत काईच नव्हतं. लोक हसे. पर पोळ्यात झडत्या म्हणतात ना, कोणीबी हात वर करून दोन ओळी जोडून बोलते, गावाले टोमणे मारते. मले तिथं चुकाचं भेव वाटे. म्हून मी एकच नियम धरला. हात वर दिसला का थांबाचं. कोणाचा हात हाय ते पाह्यचं नाई. पाटलाचा असो का गड्याचा. त्याचं पुरं होऊ द्याचं, मंगच वाजवाचं. एक डाव एकानं माशी हाकलाले हात वर केला, तरी मी थांबलो. सारा पोळा त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यला. शेवटी बिचाऱ्यानं माशीवरच झडती म्हटली."

गजाननने हे वाजवणं बापाकडून उचललं होतं. आणि मला पुण्यात एका तळघरात केलेली आमची पहिली तालीम आठवली. मी ओरडायला हात वर केला आणि ड्रम बंद पडला. मी खेकसलो, थांबलास का? तो म्हणाला, "तू हात वर केला ना." मला काही कळलं नाही, पण ऐकायला भारी वाटलं. मी म्हटलं, ठेव ते. बस, एवढीच माझी संकल्पना. पुढे कधी त्याला विचारलं नाही की हात वर केल्यावर तू का थांबतोस. विचारलं असतं तर मुलाखतीत सांगायला माझ्याकडे काय उरलं असतं?

"सही?" मी हळूच विचारलं.

"पोळा झाल्यावर पाहू," गजानन म्हणाला आणि कागद फळीवर ठेवून दिला.

अल्लीपूर, पोळा

सकाळपासून घरात पुरण शिजत होतं आणि अंगणात बैलांचा शृंगार चालला होता. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. गजाननने ब्रश घेऊन निऱ्याच्या अंगावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'आवाज कमी'. मशीनच्या अंगावर काही लिहिलं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, "तो उभाच नाई राह्यत लिहाले."

माझा बूट शेतातून उगवला नसल्यामुळे मी गजाननच्या रबरी चपला घालून निघालो. दुपार कलल्यावर गावाबाहेरच्या मैदानात आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैलजोड्या रांगेने उभ्या राहिल्या. आमच्याकडच्या ढोलपथकात भरती असते, गणवेश असतो, हजेरी असते आणि एकदा सुरू झालं की प्रमुखाने शिट्टी मारल्याशिवाय माणूस कोसळला तरी वाजवणं थांबत नाही. इथे गणवेश नव्हता. सात-आठ जण, घरात घालायच्याच कपड्यांत, डफडी आणि ताशे घेऊन बसले होते. मध्ये गजानन. त्याने पहिली थाप मारली आणि माझे पाय माझ्या परवानगीशिवाय हलले. तोच ठेका होता. एक पाय आखूड असल्यासारखा, मध्येच लंगडणारा, ज्याला एका इंग्रजी मासिकाने 'धाडसी' म्हटलं होतं. तो दौलतकाकांचा न आलेला ठेका होता.

मग एका बाईंनी हात वर केला. वाजवणं जागच्या जागी थांबलं. बाई ओरडल्या:

"रस्ता झाला मंजूर, बोर्ड लागला मोठा,
बोर्डापाशीच फसला ट्रॅक्टर, सांगा कोणाचा तोटा!"

"हर बोला, हर हर महादेव!" सारं मैदान गरजलं आणि डफडी कडाडली. मग दुसरा हात, तिसरा हात. कुणी सरपंचाला झोडपलं, कुणी जावयाला. सरपंच स्वतः समोर उभे राहून हसत होते, कारण पळायला जागा नव्हती. मी सहा वर्षं पंक वाजवलं म्हणतो. एवढं बिनधास्त तोंडावर बोललेलं मी कुठल्याच स्टेजवर ऐकलं नव्हतं, आमच्यासकट.

प्रज्ञा कानाशी आली. "हात वर कर."

"मी? मला कुठे येतं?"

"कर म्हणते ना. त्याले फोनवर नाई सांगता येत, अंगणात नाई सांगता येत. इथं तरी सांग."

मी हात वर केला.

डफडी थांबली. गजाननने माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. फक्त हात दिसला आणि तो थांबला. सारं गाव माझ्याकडे वळलं. मी जुन्या सवयीने छाती भरून ओरडलो:

"पुण्याहून आलो पाहुणा, बूट गाडला काळ्या मातीत!"

हशा पिकला. छान. चार मोजले आणि नेहमीसारखा पाय आपटला. रबरी चपलेने चिखलात 'फच्च' केलं.

ड्रम आला नाही.

गजाननने काडी मांडीवर ठेवली होती. मी पुन्हा पाय आपटला, पुन्हा फच्च. कुठल्या तरी बैलाने सावकाश मुतायला सुरुवात केली आणि त्या शांततेत तेवढाच आवाज. पुण्यात ही शांतता चार मोजेपर्यंतची होती. इथे तिला शेवट नव्हता. माझं बोलून झालं नव्हतं आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. साठ बैलजोड्यांची माणसं अजिबात घाई न करता उभी होती. मला लाज वाटली. खरीखुरी, कान तापवणारी लाज.

"दुसरी ओळ जुळत नाहीये," मी म्हटलं.

"नको जुळू दे," दौलतकाका म्हणाले. "पुरं कर."

"हा गजानन पुण्यात माझ्यासोबत वाजवायचा," मी म्हणालो. आवाज ओरडण्याचा नव्हता, पण ऐकू जात होता. "मी हात वर केला की हा थांबायचा. लोक त्या थांबण्यावर जीव टाकायचे. मी सगळ्यांना सांगितलं, ते माझं डोकं आहे. माझं नव्हतं. याचं होतं, याच्या बापाचं होतं, या मैदानातलं होतं. आणि हा पोळ्याला आला म्हणून मी याला काढला आणि मशीन आणली. मशीन थांबली नाही. बँड थांबला."

हात अजून वरच होता. खाली कधी घ्यायचा ते मला कळेना.

दौलतकाकांनी घसा साफ केला. "जुळलं काईच नाई," ते साऱ्या गावाला म्हणाले. "पर पुरं झालं. हर बोला!"

"हर हर महादेव!"

आणि गजाननने काडी मारली. मी आयुष्यात एवढ्या जवळून, एवढा मोठा, एवढा लंगडा आवाज ऐकला नाही. मी रडत होतो की हसत होतो, मला नक्की सांगता येणार नाही. प्रज्ञा म्हणते, दोन्ही, आणि दिसायला वाईट.

मग तोरण तुटलं, पोळा फुटला, आणि बैल गावाकडे धावले. मशीन अर्थातच घरापाशी थांबला नाही. तो शेजारच्यांच्या अंगणातून, त्यांच्या वाळत घातलेल्या धोतरातून पलीकडे गेला. वहिनींनी त्याला नुसती एक हाक मारून आणला. एवढं सोपं असेल हे मी ड्रम मशीन विकत घेतली तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

घरी, दिवेलागणीला

बैलांना ओवाळून पुरणपोळी भरवली. निऱ्याने पाच खाल्ल्या. मला सहा वाढल्या, सोबत कढी आणि वडे, आणि वहिनी प्रत्येक वेळी "बैलापरीस एक जास्त" म्हणून हसायच्या.

जेवण झाल्यावर गजानन ओसरीवर बसला. उजवा खांदा धरून हळूहळू फिरवत होता. चार तास वाजवलं होतं. मी समोर बसलो. प्रज्ञा आणि काका आत बोलत होते.

"एक विचारू?" मी म्हटलं. "आज माझं पुरं होईपर्यंत थांबलास. मग पुण्यात मी पाय आपटला की का सुरू करायचास?"

त्याने खांदा फिरवणं थांबवलं.

"तिथं तू आपटे म्हून वाजवो. मले दर वेळी वाटे, आज याचं अर्धंच राह्यलं. पुढच्या कार्यक्रमात सांगीन पुरं." मग म्हणाला, "सहा वर्षं वाट पाह्यली ना बे."

सहा वर्षं लोक माझ्या शांततेवर टाळ्या वाजवत होते आणि त्या शांततेत माझा ड्रमर बसून होता, मी काहीतरी बोलेन म्हणून.

त्याने फळीवरचा कागद मागवला. पुस्तिकेतल्या त्या ओळीतलं 'निरंजनची' खोडलं आणि वर लिहिलं, 'दौलतची'. काका आतून ओरडले, "माह्यं नाव काऊन? माह्या काय बँड हाय?" गजाननने संमतीपत्रावर रेकॉर्डपुरती सही केली. कार्यक्रमाच्या संमतीची जागा मात्र कोरी सोडली आणि पेन मला परत दिलं. पुन्हा खांदा धरला.

कोनाड्यात आदल्या दिवशीचं हळद-लोण्याचं वाटकं होतं. तळाशी थोडं उरलं होतं. मी उठलो, ते घेतलं आणि त्याच्या मागे जाऊन बसलो. त्याने मान वळवून पाहिलं आणि शर्टाची कॉलर बाजूला केली. मी लोणी लावलं आणि चोळू लागलो. मला हे काम येत नव्हतं. काकांनाही सुरुवातीला कुठे येत होतं!

"गज्या," मी म्हटलं, "आज आवतन घे. डिसेंबरात पुण्याला जेवायला ये."

त्याने मान न वळवता हात मागे केला.

"पेन दे," तो म्हणाला. "येतो. तुह्या मशीनलेबी बोलावजो, बसू दे समोर. पर तू पाय आपटजो नको. हात वर केला का पुरं बोलजो."

मी पेन दिलं, आणि दुसऱ्या खांद्याला लोणी लावायला घेतलं.